कर्करोगातून वाचलेल्यांनी बोलावे का?

गंभीर कर्करोगातून वाचलेल्या माणसाने आपल्या जगण्याविषयी चारचौघांत बोलावे की नाही, या प्रश्नावर मध्य प्रदेशातील धार-देवासकडील मराठी घरांत काय किंवा गंधवानीसारख्या भिल्ल-भिलाला वस्तीच्या तालुक्यात काय, दोन मते भेटतात. ती एकमेकांच्या विरुद्ध दिसत असली तरी दोन्ही सारखीच घातक आहेत. पहिल्या मताप्रमाणे या आजाराचा उच्चारच करू नये, कारण रुग्णाला कळले तर तो खचेल, गावाला कळले तर घरातल्या मुलींच्या सोयरिकी अडतील, आणि बरे झाल्यावर बोलणे म्हणजे दृष्ट ओढवून घेणे. दुसऱ्या मताप्रमाणे अवश्य बोलावे, पण ते विजयगाथा म्हणून: जिद्द होती म्हणून माणूस वाचला.

पहिल्या मतामागे माया आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गंधवानीहून इंदूरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयापर्यंत नेलेल्या रुग्णाला, औषधांनी केस गळू लागल्यावर, आजार कोणता हे कोणी सांगावे लागत नाही. त्याच्यापासून खरोखर दडून राहतो तो आजाराचा टप्पा, म्हणजे गाठ उगवली तिथेच आहे, जवळच्या लसिकाग्रंथींत उतरली आहे की दूरच्या अवयवांत पसरली आहे, याची माहिती. शस्त्रक्रिया करायची की नाही, उपचारांसाठी शेत गहाण टाकायचे की नाही, हे सारे या टप्प्यावर ठरते, आणि ज्याच्या देहाचा प्रश्न आहे तोच या विचारातून वगळला जातो. बोलण्याने रुग्ण खचतो, हे गृहीतकही कसोटीला उतरलेले नाही. शरीरभर पसरलेल्या स्तनांच्या कर्करोगाच्या 235 स्त्रियांवरील एक कॅनडातील अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील काहींनी दर आठवड्याला एकत्र बसून भीती, मृत्यू आणि घरसंसार यांविषयी मोकळेपणाने बोलावे अशी योजना होती. अशा स्त्रियांचा मनस्ताप कमी झाला आणि वेदनाही कमी जाणवल्या. आयुष्य मात्र वाढले नाही.

हे शेवटचे वाक्य दुसऱ्या मताला उत्तर देते: मन सावरले म्हणून आयुष्य वाढतेच असे नाही. जिद्दीला श्रेय दिले गेल्याचा एक प्रसंग, आजार वेगळा असला तरी, देवासने फार जवळून पाहिला आहे. क्षयाने ग्रासलेले गायक कुमार गंधर्व 1948 च्या आरंभी देवासला आले, काही वर्षे अंथरुणाला खिळून राहिले, एक फुफ्फुस कायमचे निकामी होऊनही पुन्हा गाऊ लागले, आणि लोकांनी याचे श्रेय त्यांच्या जिद्दीला व माळव्याच्या हवेला दिले. पण स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयाच्या जंतूंवर चालणारे पहिले प्रभावी प्रतिजैविक 1943 मध्ये सापडले होते आणि त्यांच्या आजारपणात ते उपलब्ध झाले. दहा वर्षे आधी तोच आजार झाला असता, तर तेवढीच जिद्द पुरी पडली असती असे कोण म्हणेल? जिद्दीचे खरे काम पुढचे होते: उरलेल्या श्वासाला पेलेल अशी गायकी घडवणे. आजार बरा करण्याचे श्रेय जिद्दीला दिले की, जे गेले त्यांच्यावर नकळत दोष येतो. तोंडाच्या कर्करोगाने 16 फेब्रुवारी 2015 रोजी गेलेले राजकीय नेते आर. आर. पाटील किंवा आजाराविषयी उघडपणे बोलून 14 ऑक्टोबर 2024 रोजी गेलेले अभिनेते अतुल परचुरे जिद्दीत उणे होते, असे म्हणणे अन्यायाचे आहे. परचुरे पुढे वाचले नाहीत म्हणून त्यांचे बोलणे खोटे ठरत नाही.

मग बोलण्याने साधते काय? 2004 मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या शरद पवारांनी पुढे आपल्या तंबाखू-सुपारीच्या सवयीची जाहीर कबुली दिली. त्या बोलण्यात पराक्रमापेक्षा कारण पुढे आले, म्हणून ते ऐकणाऱ्याच्या कामाचे ठरले. याहून भक्कम पुरावा सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचा आहे. तेथे 1987 मध्ये भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी, म्हणजे ठरावीक प्रदेशातील प्रत्येक नव्या रुग्णाची नोंद ठेवणारी व्यवस्था, सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणांविषयी लोकांशी बोलत, आणि काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या अधिक स्त्रिया लवकरच्या टप्प्यात रुग्णालयात येऊ लागल्या. लवकर निदान म्हणजे दीर्घ आयुष्यच असे नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. पण शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात सुमारे 1,31,000 स्त्रियांवर झालेल्या आणि 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मृत्यूच मोजले गेले, आणि या कर्करोगास कारण ठरणाऱ्या पॅपिलोमा विषाणूची एकदाच तपासणी ज्या गटात झाली, तिथे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

तपासणीला येण्यासाठी आधी तो आजार बोलण्याजोगा व्हावा लागतो, आणि गंधवानीत हे काम इंदूरहून आलेल्या भित्तिपत्रकापेक्षा उपचार घेऊन परतलेली तिथलीच बाई अधिक चांगले करील. गाठ दुखत नव्हती तरी ती कर्करोगाची होती, सरकारी आरोग्य विम्याच्या आयुष्मान कार्डावर कोणता खर्च भागला आणि प्रवासाचा व मुक्कामाचा कसा अंगावर पडला, काखेतील लसिकाग्रंथी काढल्यावर लसिका साचून हात का सुजतो, हे तिने तिच्या बोलीत सांगावे. सांगायचे नसेल तर तिच्यावर सक्ती नको. मात्र तो निर्णय तिचा असावा, तिच्या नवऱ्याचा किंवा दिराचा नव्हे.