बैठक : शिक्षा कीं साधना ?

‘धर कान, आणि काढ शंभर उठाबशा !’ हें वाक्य ज्यानें कधींच ऐकलें नाहीं असा विद्यार्थी आमच्या पिढींत विरळाच. गृहपाठ विसरला, वर्गांत उशिरा आला, शेजाऱ्याशीं बोलला, कीं उठाबशांचा दंड ठरलेला. आम्हीं स्वतः तो भोगलेला आहे. दुसऱ्या दिवशीं जिना उतरतांना कठडा धरावा लागला, हें पक्कें आठवतें. परंतु आमची चूक काय होती, तें मात्र मुळींच आठवत नाहीं. या शिक्षेचा उपयोग किती, हें एवढ्यावरून दिसून येईल.

आमचें म्हणणें असें कीं, या प्रथेनें दुहेरी नुकसान केलें आहे. विद्यार्थ्याचा अपमान झाला, हें एक. आणि एका उत्तम व्यायामाची अब्रू गेली, हें दुसरें. महाराष्ट्राच्या तालमींत जोर आणि बैठका यांस मानाचें स्थान आहे. मल्लखांबावर चढणारा मुलगा लांकूड पकडतो तें मांड्यांच्या बळावर. कुस्तीगीर प्रतिस्पर्ध्यास उचलतो तोही पायांच्याच जोरावर. हेलसिंकी येथें १९५२ सालीं कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव याच मातींतून पुढें आले. तालमींत जी गोष्ट भूषण, तीच शाळेंत लाजेची व्हावी, हें विपरीत नव्हे काय ?

कोणी म्हणतील, ‘उठाबशांनीं शिस्तही लागते आणि व्यायामही होतो, मग बिघडलें कोठें?’ शिस्तीविषयीं कायद्यानेंच उत्तर दिलें आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यांतील कलम १७ प्रमाणें शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई आहे. व्यायामाविषयीं म्हणाल, तर सवय नसतां एकाएकीं शेंकडों बैठका काढल्यास मांडीच्या स्नायूंचे तंतु तुटूं शकतात, आणि त्यांतून रक्तांत उतरणारें द्रव्य मूत्रपिंडांस इजा करूं शकतें. अशा श्रमानंतर लघवी कोऱ्या चहासारखी काळसर दिसल्यास विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. पैज लावून बैठका मोजणाऱ्या आमच्या विद्यार्थी मित्रांनींही हें ध्यानांत ठेवावें.

खरें पाहतां व्यायामाचा प्राण संख्येंत नाहीं, रीतींत आहे. शंभर बैठकांची फुशारकी मारणाऱ्यास एका पायाची एकच बैठक काढावयास सांगावें. एका पायावर उभें राहावें, दुसरा पाय सरळ पुढें अधांतरीं धरावा, दोन्ही हात तोलासाठीं समोर पसरावे, आणि सावकाश खालीं बसून त्याच पायावर उठावें. दोन पायांत वांटलें जाणारें वजन येथें एकाच पायावर येतें. म्हणून कोणत्याही यंत्रावांचून मांडीवरील भार जवळजवळ दुप्पट होतो. झोंका देऊन उठण्याची लबाडी येथें केली, तर तोल जाऊन ती तत्काळ उघडी पडते.

ही बैठक एका दिवसांत साधत नाहीं. प्रथम दोन पायांच्या वीस बैठका संथपणें जमूं द्याव्या. नंतर दाराची चौकट धरून, एका पायावर भार ठेवून, बाकावर अलगद बसावें व उठावें. बाक जमलें म्हणजे चौरंग, चौरंग जमला म्हणजे पाट. टांच जमिनीवरून सुटूं नये. गुडघा आंत न कलतां पायाच्या बोटांच्या दिशेनें राहावा. दुबळ्या पायापासून आरंभ करावा, आणि तो जितक्या काढील तितक्याच दुसऱ्यानें काढाव्या. प्रत्येक पायावर पांच, आणि त्याही एक दिवसाआड, एवढें पुरे. कारण स्नायु भरतो तो विश्रांतींत. गुडघ्यांत कळ आली तर तेथेंच थांबावें.

पालकांस आमची विनंति अशी कीं, या व्यायामास पैसा लागत नाहीं, आणि मुलगा व मुलगी हा भेदही लागत नाहीं. घरांतील एक कोपरा व एक पाट पुरे. मुलांनीं आज किती काढल्या हें विचारूं नका. कशा काढल्या तें जवळ उभें राहून पाहा. शिक्षकांस विनंति अशी कीं, बैठक दंडांतून काढून व्यायामाच्या तासांत आणावी. शिक्षेंत मुलाचे हात त्याच्या कानांवर असतात आणि मान खालीं; साधनेंत तेच हात समोर पसरलेले आणि दृष्टि ताठ असते. शाळेनें कोणती मुद्रा शिकवावी, हें आम्ही सांगावयास नकोच.