आधी दहा किलो कमी करा, मग या!

माझ्या धाकट्या मावसबहिणीला डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा ती छत्तीसची होती. मग काय, भात बंद, साखर बंद, पहाटे उठून चालणं. वर्षभरात सहा किलो उतरले आणि सदतिसावं सरत आलं. वर सासूबाईंचं आहेच, "जिभेवर ताबा नाही, मूल कसं व्हायचं?" बिचारी लग्नकार्यात चारचौघींसमोर जिलबी घ्यायलाही लाजायची.

वजनाचा काही संबंधच नाही, असं मी म्हणत नाही. पीसीओएस असेल तर पाच-दहा टक्के वजन उतरलं तरी अनेकींची पाळी नियमित होते, काहींना आपोआप दिवसही राहतात. गरोदरपणी मधुमेह, रक्तदाब यांचा धोकाही स्थूल बाईला जास्तच. पण 'बारीक झालीस की आयव्हीएफ यशस्वी' हे गणित काही इतकं सरळ नाही. नॉर्डिक देशांमधल्या अभ्यासात (२०१७) तीनशेवर स्थूल स्त्रियांचे दोन गट केले. एका गटानं आधी सरासरी नऊ किलो वजन उतरवलं, दुसऱ्यानं थेट आयव्हीएफ घेतलं. मूल झालं पहिल्या गटात सुमारे ३० टक्के जणींना, दुसऱ्यात २७-२८. म्हणजे फरक नाहीच म्हणा ना! त्याआधी २०१६ साली नेदरलँड्समधल्या अशाच अभ्यासात सहा महिने आधी वजनासाठी दिलेल्या गटात आपोआप दिवस राहण्याचं प्रमाण वाढलं. पण दोन वर्षांत पूर्ण दिवसांचं, नैसर्गिक प्रसूतीनं झालेलं सुदृढ बाळ मिळालं २७ टक्के जणींना, लगेच उपचार घेणाऱ्यांत ३५ टक्के.

पंचविशीतल्या मुलीनं सहा महिने थांबणं वेगळं. पस्तिशीनंतर स्त्रीबीजांची संख्या आणि दर्जा दोन्ही झपाट्यानं घटतात. काट्यावर घाम गाळून ते परत येत नाही हो.

आणि जावईबापू? त्यांच्या सुटलेल्या पोटाकडे कुणी पाहिलं नाही. वीर्यतपासणी झाली ती वर्षानं. शुक्रजंतू कमी निघाले! साधी, स्वस्तातली तपासणी. पण ती आधी करायचं कुणाला सुचलंच नाही.

म्हणून डॉक्टरांनी वजनावर बोट ठेवलं, की न लाजता विचारा: किती महिने थांबायचं? माझ्या वयाला तेवढं परवडेल का? यांची तपासणी झाली का?

बहिणीनं हे सगळं दुसरीकडे जाऊन विचारलं. गेल्या महिन्यात उपचार सुरू झाले. चालणं तिनं सोडलेलं नाही. हल्ली सोबत जावईबापूही असतात, धापा टाकत.