‘ता सगळा झील बघता’

नारळी पौर्णिमा जवळ आली की मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटनवाल्यांची लगबग सुरू होते. होड्यांना रंग, इंजिनांची दुरुस्ती, लाइफ जॅकेटांना आणि गाद्यांना ऊन. मेअखेरीस बंद झालेली किल्ल्याची होडी आणि स्कुबा सप्टेंबरात सुरू व्हायच्या आत हे सगळं उरकायचं असतं. याच दिवसांत आपल्यापैकी कोणालाही विचारून बघा : तुमच्या होमस्टेचं गुगलवरचं पान कोणाच्या ईमेलवर आहे? वेबसाइटचं नाव कोणी विकत घेतलंय आणि त्याची मुदत कधी संपते? उत्तर ठरलेलं : ‘ता सगळा झील बघता. मुंबयक आसता तो.’

झील, म्हणजे मुलगा, बघतो यात वावगं काहीच नाही. अडचण अशी, की पुष्कळदा झीलही बघत नसतो. त्याच्या कुठल्यातरी मित्राने चार वर्षांपूर्वी पान काढून दिलेलं असतं, मित्राचा आणि त्याचा आता संबंध नसतो, पासवर्ड त्या मित्राच्या जुन्या फोनबरोबर गेलेला असतो. सातबाऱ्यावर चुलत्याचं एक नाव जास्तीचं राहिलं तर तीन पिढ्या तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी आपण माणसं. ज्या पानावरून बहुतेक नवं गिऱ्हाईक येतं ते पान कोणाच्या नावावर आहे, हे मात्र आपल्याला ठाऊक नसतं.

१९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा पाहुणा ओळखीतून यायचा. दादरच्या कोणीतरी सांगितलेलं असायचं, नाहीतर पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवासाच्या यादीतून पत्ता मिळायचा. आज नागपूरचं किंवा बेळगावचं कुटुंब रात्री दहाला मोबाइलवर ‘तारकर्ली होमस्टे’ शोधतं, पहिल्या चारांतला एक नंबर लावतं आणि अर्धे पैसे आगाऊ पाठवून झोपतं. तो नंबर तुमचाच असेल कशावरून?

नकाशावरच्या पानात दुरुस्ती सुचवायची सोय कोणालाही असते, आणि पानाला कोणी वाली नसला की सुचवलेली दुरुस्ती सहज लागू होऊन जाते. २०१८ मध्ये चोरट्यांनी हेच केलं होतं. बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे गुगल मॅप्सवरचे नंबर बदलून तिथे त्यांनी स्वतःचे टाकले आणि फोन करणाऱ्या खातेदारांकडून पिन काढून घेतले. बँकेला महाराष्ट्र पोलिसांच्या सायबर विभागाकडे धाव घ्यावी लागली. बँकेची ही गत, तर देवबागच्या चार खोल्यांची काय कथा! पानावर हक्क नोंदवा, पडताळणी करून घ्या. झीलही मालक असू द्या, पण मुख्य मालक व्यवसायाच्या स्वतंत्र ईमेलवर हवा. आणि आठवड्यातून एकदा, पाहुणा शोधेल तसं स्वतःला शोधा, दिसेल तो नंबर लावा. समोर आपलाच फोन वाजला पाहिजे.

फुकटची गोष्ट फुकटात जाते, हेही आपण पाहिलं. गुगलच्या पानाबरोबर मिळणारी छोटी वेबसाइट अनेकांनी केली होती, ‘बिझनेस डॉट साइट’ असा शेवट असलेली. मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या सगळ्या बंद केल्या आणि जूननंतर तो पत्ता दुसरीकडे वळवायची सोयही संपली. छापलेली कार्डं आणि एसटी स्टँडजवळचा फलक तेवढा जुना पत्ता दाखवत राहिला. म्हणून स्वतःचं डोमेन घ्यावं, स्वतःच्या नावाने आणि स्वतःच्या ईमेलवर. साइट बनवून देणारा म्हणेल, ‘माझ्या खात्यात घेतो, कटकट नको.’ घेऊ देऊ नका. त्याचं काम साइट सजवायचं, मालकी त्याची नाही.

आता नंबराविषयी. याकडे आमच्या मते सगळ्यात कमी लक्ष जातं. किनाऱ्यावर पुष्कळांकडे सीझनचं वेगळं सिम असतं. स्टॉलवरच्या फलकावर तोच नंबर, व्हॉट्सअॅप त्याच्यावर, गुगलचा ओटीपी त्याच्यावर, यूपीआय त्याच्यावर. पाऊस लागला की तो फोन पेटीत जातो आणि रिचार्ज राहून जातो. सलग ९० दिवस वापर नाही आणि शिल्लकही नाही, असं सिम कंपनी बंद करू शकते, आणि जून ते ऑगस्ट मोजले तर ९२ दिवस भरतात. बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. मग तुमच्या जुन्या फलकावरचा नंबर लावणाऱ्या पाहुण्याला भलताच माणूस भेटतो, आणि तो माणूस लबाड निघाला तर ओटीपीही त्याच्याच हातात. बंद पडलेले आणि दुसऱ्यांना दिलेले नंबर दर आठवड्याला तपासून यूपीआयच्या नोंदी अद्ययावत करा, असं राष्ट्रीय पेमेंट महामंडळाने, म्हणजे एनपीसीआयने, बँकांना आणि अॅपवाल्यांना २०२५ मध्ये बजावलं. त्याने यूपीआयपुरता धोका कमी होतो. फलक, कार्डं आणि बुकिंगच्या साइट यांच्याकडे आपल्यालाच बघायचं आहे. पावसाळ्यात लहानसा का होईना रिचार्ज मारत राहणं हा या धंद्यातला स्वस्तातला विमा.

चतुर्थीला चाकरमानी येणारच आहेत. आरत्या आणि भजनं यांच्या मधल्या एका दुपारी झीलाला शेजारी बसवा आणि कोणतं खातं कोणत्या ईमेलवर, कोणत्या नंबरावर, हे वहीत लिहून घ्या. पासवर्ड वहीत नकोत, मालकी तेवढी हवी.

आता पैशांविषयी. जून २०२५ अखेरपासून यूपीआयने पैसे पाठवताना समोरच्याचं बँकेतलं नावच दिसावं, असा एनपीसीआयचा नियम झाला. फोनमध्ये सेव्ह केलेलं नाव आता चालत नाही. नियम चांगला आहे, पण आपल्याकडे त्याने एक पंचाईत झाली. पाहुण्याने बुकिंग केलेलं असतं ‘सागर’ नावाच्या होमस्टेत आणि पैसे पाठवताना नाव दिसतं घरच्या सुनेचं. फसवणुकीच्या बातम्या वाचलेला माणूस तिथेच थबकतो, आणि त्याचं बरोबरच आहे. उपाय दोन. शक्य असेल तर व्यवसायाच्या नावाने चालू खातं काढा. नसेल तर वेबसाइटवर आणि बुकिंगच्या मेसेजमध्ये सरळ लिहा : ‘पैसे पाठवताना अमुक नाव दिसेल. दुसरं नाव दिसल्यास पाठवू नका, आम्हाला फोन करा.’ या एका वाक्याने तुमच्या नावाचा खोटा नंबर चालवणाराही अडतो.

चालू खात्याचं दुसरंही कारण आहे. फसवणुकीचा पैसा खात्याखात्यांतून फिरतो, आणि फिरताफिरता त्यातले शे-दोनशे रुपये कोणीतरी जेवणाचे म्हणून देतो. तपास त्या वाटेने आला की घेणाऱ्याचंही खातं गोठतं. २०२३ मध्ये केरळात छोट्या दुकानदारांची, खानावळवाल्यांची खाती अशीच अडकली होती. घरखर्च, मासळीचे पैसे, डिझेल, मुलाची फी आणि पाहुण्यांचा अॅडव्हान्स सगळं एकाच बचत खात्यात ठेवणाऱ्याचं सगळंच एका सकाळी थांबतं.

फोनवरच्या चोराची एक खूण मात्र आपल्या धंद्यातल्या माणसाला चटकन कळायला हवी. ‘मैं आर्मी से बोल रहा हूँ,’ अशी सुरुवात होते. चार खोल्या हव्यात, पंधरा सुरमई थाळ्या हव्यात. दर सांगितला की लगेच ‘ठीक है’. सुरमईच्या थाळीचा दर ऐकून घासाघीस न करणारा आणि मासळी ताजी आहे का हेही न विचारणारा पाहुणा या किनाऱ्यावर कधी पाहिलाय का? मग तो म्हणतो, आमच्या खात्याची पद्धत वेगळी, मी क्यूआर पाठवतो, तुम्ही स्कॅन करून पाच रुपये पाठवा, दहा परत येतील. दहा येतातही. विश्वास बसतो. पुढचा क्यूआर मोठ्या रकमेचा असतो, आणि तो फोन ठेवू देत नाही, बोलत राहतो, घाई करतो. पैसे यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला, गल्ल्यावर बसणाऱ्या पोरालाही, पाठ हवं. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवर पैसे मागायची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, तेव्हा एक दार लागलं. क्यूआरचं आणि स्क्रीन शेअर करायला लावणाऱ्या अॅपचं दार अजून उघडंच आहे. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, १९३० लावा. पहिल्या तासादोन तासांत रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त.

जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरच्या क्यूआरवर चोरट्यांनी स्वतःचे क्यूआर डकवले. सकाळी एका दुकानातल्या गिऱ्हाइकाने नाव वेगळं दिसतंय म्हटलं, तेव्हा कुठे उघडकीला आलं. खजुराहोसुद्धा पर्यटनाचंच गाव. आपले स्टॉल तर रात्री वाळूत उघडेच असतात. क्यूआर घरी न्या. देवबागच्या टोकाला, कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे रेंजचा भरवसा नाही, तेव्हा होडीत बसल्यावर दाखवलेला स्क्रीनशॉट पैसे म्हणून धरू नका. पैसे रेंज असलेल्या जागी, होडीत पाय ठेवायच्या आधी.

बुकिंगच्या साइटवर खोल्या लावणाऱ्यांना आणखी एक इशारा. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने उघड केलेल्या एका प्रकारात हॉटेलवाल्यांनाच बुकिंग डॉट कॉमच्या नावाने ईमेल जात होते : पाहुण्याची तक्रार आहे, खातं तपासा. लिंक उघडली की ‘मी रोबो नाही’ची खोटी पाटी, आणि मग कीबोर्डवरची अमुक बटणं दाबा अशी सूचना. दाबली की चोराचा प्रोग्रॅम संगणकात शिरला. दक्षिण आशियातली हॉटेलंही त्यात लक्ष्य होती. ईमेलमधल्या लिंकवरून आत जाऊच नये, पत्ता स्वतः टाइप करावा.

राहिलं नाव. रिव्ह्यूंवरून आपल्याकडे फार मनाला लावून घेतात. एक तारा मिळाला की रात्रभर झोप नाही आणि सकाळी उत्तरात पाहुण्याची कुळकथा. वाईट रिव्ह्यूला दिलेलं उत्तर लिहिणाऱ्यापेक्षा पुढचे पाहुणे जास्त वाचतात. ‘पाण्याखाली काही दिसलं नाही, फसवणूक’ असं कोणी लिहिलं तर लिहा : ‘त्या दिवशी वारा होता, पाणी गढूळ होतं. निघण्यापूर्वी आम्ही हे सांगायला हवं होतं. आता सकाळी पाणी पाहूनच बुकिंग पक्कं करतो.’ आणि खरोखर तसं करा. निम्म्या तक्रारींचं मूळ आपल्याच जाहिरातींत असतं. अंदमानचे निळेशार फोटो लावायचे आणि गिऱ्हाइकाला मालवणच्या पाण्यात उतरवायचं, मग तो चिडणार नाही तर काय! विकत घेतलेल्या पाच ताऱ्यांचा मोहही नको. ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्येच आयएस १९००० हे मानक काढलं आहे, आणि एकाच आठवड्यात, एकाच साच्यातले वीस ‘नाइस स्टे’ वाचणाऱ्यालाही कळतात.

तारे म्हणजेच नाव, असं मात्र नाही. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची होडी उलटून दोघांचा जीव गेला. होडी एकाची होती, पण फोन सगळ्यांचे खणखणले. परवाना आहे का, होडीत माणसं किती घेता, जॅकेट सगळ्यांना मिळतं का? या प्रश्नांची उत्तरं आजही आपल्या फार थोड्या वेबसाइटवर सापडतात. थाळीचे आठ फोटो असतात, परवाना क्रमांक नसतो. क्रमांक, होडीची क्षमता, विम्याची मुदत, पैसे परत करायचा नियम आणि वारा सुटला तर काय, हे पहिल्याच पानावर असावं.

पाहुण्यांच्या आधार कार्डांचं काय होतं, तेही एकदा पाहा. व्हॉट्सअॅपवर आलेलं आधार गॅलरीत बांगड्यांच्या फोटोशेजारी वर्षभर पडून असतं, आणि तो फोन घरातलं कोणीही उचलतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा लहान-मोठा असा भेद करून आपल्याला पूर्ण मोकळं सोडत नाही. पहिले आठ आकडे झाकलेलं आधार मागा, नोंद झाली की फोटो पुसा.

तालुक्यातल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनांपुढे आमची एक मागणी आहे. ऑक्टोबरच्या गर्दीआधी प्रत्येक संघटनेने आपल्या सभासदांची एक यादी प्रसिद्ध करावी : व्यवसायाचं नाव, गाव, परवाना, एक नंबर आणि पैसे पाठवताना दिसणारं नाव. ती संघटनेच्या वेबसाइटवर असावी, मालवणच्या जेटीवर आणि कुडाळ स्टेशनवर फलकरूपात असावी, आणि दर महिन्याला कोणीतरी जबाबदार माणसाने प्रत्येक नंबर लावून ती तपासावी. यासाठी सरकारी निधीची वाट बघण्याचं कारण नाही. नावं कोणाची घ्यायची, भाडोत्री चालवणाऱ्यांची घ्यायची का, यावरून वाद होणार हे उघड आहे. तो वाद सप्टेंबरच्या बैठकीतच होऊन जाऊ दे.