माळावर उतरेल असे विमान

कला शाखेच्या मुलीने विमानावर लेख लिहावा हे आमच्या वर्गातील मैत्रिणींना हसण्यासारखे वाटले. "तुझ्या गावाला दिवसातून दोनदा एस.टी. येते आणि तू विमान निवडायला निघालीस होय!" असे एकीने ऐकवलेही. एस.टी. दोनदाच येते हे खरे आहे. पावसाळ्यात तीही एकदाच येते. पण नेमक्या अशाच गावाने विमानाचा विचार करावा असे माझे मत आहे, आणि ते मी येथे मांडणार आहे.

आमच्या जिल्ह्यात विमानाचा विषय निघाला की लगेच विमानतळाचा विषय होतो. १७ सप्टेंबर २०२५ रोजी बीड ते अहिल्यानगर आगगाडी सुरू झाली. आमच्या आजोबांच्या पिढीपासून जिची वाट पाहिली ती गाडी एकदाची आली. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर बोलणे सुरू झाले की आता विमानतळ! लातूरला आहे, नांदेडला आहे, धाराशिवला धावपट्टी आहे, मग आपणच काय घोडे मारले? मला या मागणीत गैर काही वाटत नाही. पण तिच्यात एक गोष्ट राहून जाते. तेथे कोणते विमान उतरणार, ते कोणासाठी येणार आणि काय घेऊन जाणार, हे कोणी विचारीत नाही. घोड्याआधी तबेला बांधायचा आणि मग त्यात बसेल असा घोडा शोधत फिरायचे, असा हा प्रकार आहे.

माझा आणि विमानाचा संबंध आला तो २०१५ साली. तो दुष्काळाचा काळ. ऑगस्टमध्ये औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून कृत्रिम पावसाचा प्रयोग सुरू झाला होता. ढगात मिठाचे फवारे सोडणारे ते किंग एअर जातीचे दोन इंजिनांचे विमान होते. एके दुपारी आमच्या गावावरून एक विमान घरघरत गेले. ते तेच होते की दुसरे, कोण जाणे. आजी अंगणात उभी राहून कपाळावर आडवा हात धरून म्हणाली, "पानी पाडायला आलंय व्हय गं?" मी दहा वर्षांची होते. आमचे आईवडील उसाच्या तोडीला जात, दिवाळीपासून पाडव्यापर्यंत मी आजीपाशी आणि चुलतीपाशी राही. विमान ढगाआड गेले, पाऊस काही आला नाही.

पुढच्याच वर्षी, पाऊस चांगला झाला त्या वर्षी, माझ्या चुलतीला सरकी खुरपताना घोणस चावली. संध्याकाळ होती. आमचे गाव बालाघाटाच्या माथ्यावर, मांजरेच्या उगमाकडच्या बाजूला आहे. खालच्या ओढ्याला पाणी आले होते, जीप दोन तास अलीकडे थांबली. पहिल्या दवाखान्यात पोचलो तेव्हा पुढच्या मोठ्या दवाखान्यात न्या असे सांगण्यात आले. त्या वाटेतच ती गेली. त्या रात्रीपासून मी मनातल्या मनात एक विमान आमच्या माळावर उतरवीत आले आहे. कधी ते पांढरे असे, कधी लाल. कोणते विमान, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नव्हता. तो महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पडला.

वाचायला लागल्यावर पहिली गोष्ट कळली ती ही, की विमान निवडताना आधी विमानाकडे पाहायचेच नसते. आधी पायाखाली पाहायचे, मग उन्हाकडे, मग शेवटी विमानाच्या चित्राकडे. आणि तेही चांगला दिवस धरून नव्हे, वर्षातला सर्वांत वाईट दिवस धरून.

आमचा वाईट दिवस मे महिन्यातला असतो. बालाघाटाचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे दोन हजार फूट उंच आहे. आता हवा तापली की ती विरळ होते, आणि विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते, इंजिनालाही दम लागतो. वैमानिक याचा एक ढोबळ हिशेब करतात. त्या उंचीवर जेवढे तापमान असायला हवे त्याहून जितके अंश जास्त, तितक्या अंशांना प्रत्येकी १२० फूट धरून उंचीत मिळवायचे. दोन हजार फुटांवर प्रमाणाप्रमाणे ११ अंश असायला हवेत. आमच्याकडे मेमध्ये दुपारी ४१ अंश सहज असतात. म्हणजे ३० अंश जास्त, म्हणजे ३६०० फूट. विमानाच्या दृष्टीने आमचा माळ त्या दुपारी दोन हजार फुटांवर नसून साडेपाच हजारांच्या वर गेलेला असतो! समुद्रकाठी जे विमान तीनशे मीटर धावून उठते त्याला येथे पाचशेही पुरणार नाहीत. कंपनीच्या पुस्तिकेत समुद्रकाठचा आकडा ठळक छापलेला असतो. ज्याने तो वाचून विमान घेतले तो आमच्या बांधावरच्या बाभळीत जाऊन अडकणार.

दुसरा वाईट दिवस जुलैचा. गोदाकाठच्या गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात पाऊस पडला की चप्पल पायातून निघून येते. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर कोणतेच विमान उतरवू नये. उंच माळावर मात्र मुरूम आहे. तो पाणी धरीत नाही, दाबला की बसतो. गावातल्या लोकांना जो माळ निकामी वाटतो, ज्यावर कुसळाखेरीज काही उगवत नाही, तोच येथे कामाचा आहे. सहाशे मीटर लांब आणि दोन्ही बाजूंची मोकळी जागा धरून साठ मीटर रुंद एवढी पट्टी घेतली तर नऊ एकरांच्या आत काम होते. पिकाखालची एक फूटही जमीन जात नाही.

जमिनीप्रमाणे विमान हलविण्याची ही गोष्ट आपल्याकडे नवीन नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईला आले ते पस मॉथ नावाच्या लहानशा, एका इंजिनाच्या विमानातून. जुहूला ते उतरले ती धड धावपट्टी नव्हती, खाजणातली जागा होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून पावसाळ्यापुरता सगळा बारदाना उचलून पुण्याला येरवड्याच्या मैदानावर नेत. देशातल्या हवाई वाहतुकीचा आरंभ मैदानावरून झाला. पस मॉथचे पंख माणसाच्या डोक्यावर होते आणि तिसरा टेकू शेपटीखाली होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कारण माळावरच्या विमानाची पहिली खूण हीच. पंख वर असले तर बांध, दगड, तुरीची खुंटे त्यांच्याखालून जातात. खाली असले तर पहिल्याच झुडपाला लागतात. तिसऱ्या चाकाचेही तसेच. हल्लीच्या बहुतेक लहान विमानांना ते नाकाखाली असते. डांबरी धावपट्टीवर ते सोयीचे, शिकाऊ माणसालाही सांभाळता येते. पण खड्ड्यात गेले की ते मोडते आणि पुढचा फिरणारा पंखा जमिनीला लागतो. शेपटीखाली चाक असलेले विमान नाक वर करून उभे राहते, पंखा जमिनीपासून उंच राहतो. त्याला उतरताना मात्र वैमानिक कसलेला लागतो, कारण थोडे दुर्लक्ष झाले की ते बैलासारखे गर्रकन फिरते. अलास्कात लोक पायपर सुपर कब जातीच्या विमानाला फुग्यासारखी मोठी, मऊ चाके लावून नदीच्या वाळवंटात उतरवतात. त्या विमानाचे मोठेपण वेगात नाही. ते फार हळू उडू शकते, यात आहे. जे हळू उडते ते हळू उतरते, आणि जे हळू उतरते त्याला थोडी जागा पुरते.

असे विमान आपल्या देशाने केलेले आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान कारखान्यात तयार झालेले पुष्पक १९५८ साली प्रथम उडाले. पंख वर, चाक शेपटीखाली, अंगावर कापडाचे आवरण, नव्वद अश्वशक्तीचे इंजिन, शेजारी शेजारी दोन माणसे. दीडशेच्या आसपास पुष्पके झाली, फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक त्यांच्यावर शिकले. त्यावरूनच पुढे २२५ अश्वशक्तीचे कृषक झाले, ते लष्कराने वापरले. मग बाहत्तर साली, आपल्याकडे ज्या वर्षाचे नाव घेतले की म्हातारी माणसे अजून गप्प होतात त्या वर्षी, पिकावर औषध फवारणारे बसंत उडाले. नावे पाहा: पुष्पक, कृषक, बसंत. ही नावे शेताकडे पाहणाऱ्या माणसांनी ठेवलेली दिसतात. त्यानंतर १९९३ साली बंगळूरच्याच प्रयोगशाळेचे हंसा उडाले. ते देखणे आहे, शिकण्यासाठी चांगले आहे. पण पंख खाली, चाक नाकाला. हंसाला मी नावे ठेवीत नाही, ते आमच्या माळासाठी केलेलेच नाही. हंस तळ्यातच शोभतो.

मग मी कोणते निवडीन? दोन माणसांचे विमान मला पुरणार नाही. मला आडवे झोपवलेले माणूस न्यायचे आहे, त्याच्याजवळ बसायला एक परिचारिका हवी. माझ्या मते सेसना २०६ या जातीकडे पाहावे. पंख वर आहेत, तीनशे अश्वशक्ती आहे, सहा जागा आहेत, आणि मागच्या बाजूला दुहेरी दार आहे, त्यातून स्ट्रेचर आत जाते. पापुआ न्यू गिनीच्या डोंगरातल्या गवताळ पट्ट्यांवर हेच विमान वर्षानुवर्षे चाललेले आहे. चाक मात्र त्याचे नाकाला आहे. तेवढी तडजोड मी मोठी चाके लावून आणि पट्टी नीट दाबून घेऊन करीन. शेपटीच्या चाकाचा हट्ट धरला तर कसलेला वैमानिक आणायचा कोठून? गावाकडे डॉक्टर येत नाही, तेथे तो बरा येईल!

ऑस्ट्रेलियात उडत्या डॉक्टरांची सेवा मे १९२८ मध्ये सुरू झाली ती भाड्याने घेतलेल्या एका विमानावर. आज ते किंग एअर वापरतात. दहा वर्षांची असताना ज्या जातीच्या विमानाने मला पाऊस दाखवायचे कबूल केले होते, तेच! पण ती पुढची पायरी झाली. त्यांनी आरंभ एका विमानाने आणि साध्या मैदानांनी केला.

आता इंधनाचे. येथे माझी निवड लंगडी पडते हे मी कबूल करते. सेसना २०६ ला जे विमानी पेट्रोल लागते ते आपल्या देशात मोजक्या ठिकाणीच मिळते आणि महाग असते. रोटॅक्स जातीची लहान इंजिने साध्या पेट्रोलवर चालतात, म्हणून मी एकदा त्यांच्याकडे वळले होते. तर त्यांना पेट्रोलात दहा टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालते, आणि आपल्या पंपांवर २०२५ पर्यंत वीस टक्के झाले. इथेनॉल उसाचेही. ऊस तोडला कोणी? आमच्या आईबापांनी. यावर मी हसले, दुसरे काय करणार!

आपल्याच माणसांपैकी कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले, ते २०१६ साली प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१९ मध्ये त्याला उड्डाणाची परवानगी मिळाली आणि चाचण्या धुळ्याच्या धावपट्टीवर झाल्या. आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. गच्चीवर विमान बांधणारा माणूस महाराष्ट्रात निघतो. माळावर पट्टी दाबणारे गाव निघायला काय हरकत आहे?

कोणी म्हणेल, हेलिकॉप्टर का नको? २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला तेव्हा माणसे हेलिकॉप्टरनेच काढली. त्याला पट्टी लागत नाही हे खरेच. पण त्याचा तासाचा खर्च फार, देखभाल अवघड. ते संकटात बोलावण्याचे वाहन आहे. मला रोज सकाळी येणारे वाहन हवे आहे, ज्याच्या येण्याचे गावाला काही वाटेनासे होईल. आमच्या माळावरून अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहे. लहान विमानाला अर्धा तास.

आणि एक गोष्ट मला सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख खोटा होईल. चुलती गेली त्या रात्री यांतले एकही विमान आले नसते. अंधार होता, पाऊस होता, पट्टीला दिवे नसते, ढग डोंगराला टेकले होते. अशा रात्री एका इंजिनाचे विमान माळावर उतरवू पाहणारा वैमानिक शहाणा नव्हे. हे मला दुसऱ्या वर्षाला असताना वाचून कळले आणि पुढे कित्येक दिवस मी त्या पुस्तकांना हात लावला नाही. मग वाटले, सर्पदंशाची लस विमानाने आदल्या महिन्यातच, दिवसाउजेडी, उन्हात आणून ठेवता आली असती. विमानाने रात्री धावून यावे ही माझी लहानपणची मागणी होती. त्याने सकाळी वेळेवर यावे एवढीच आताची मागणी आहे, आणि तिच्यासाठी सेसना पुरते.

दिवाळीत अण्णा तोडीला निघण्यापूर्वी मी त्यांना माळावर घेऊन गेले. त्यांनी काही विचारले नाही, पावले मोजायला लागले. एका टोकाच्या पिंपरणीपासून दुसऱ्या टोकापर्यंत आठशे चाळीस पावले भरली. अण्णांचे पाऊल मी टेपने मोजले, ते सव्वादोन फुटांच्या जरा वर आहे. म्हणजे पावणेसहाशे मीटर. उतार पूर्वेकडे थोडा आहे, तो उड्डाणाला चांगलाच. पश्चिमेच्या टोकाला मात्र विजेची तार आडवी गेली आहे. ती हलवावी लागेल.