‘आम्ही फक्त शास्त्र वाचतो’ या दाव्याविषयी

दानीएल, यहेज्केल आणि प्रकटीकरण ही पुस्तके आम्ही शब्दशः वाचतो, बाकीचे त्यांना हवा तसा आध्यात्मिक अर्थ चिकटवतात, असे आपल्या संजीवन सभांमधून ठासून सांगितले जाते. सोबत युगांचा तक्ता असतो: मंडळीचे उचलले जाणे, सात वर्षांचे महासंकट, मग हजार वर्षांचे राज्य. ऐकणाऱ्याला वाटते, तक्ता म्हणजेच शास्त्र. माझा पहिला आक्षेप तक्त्यावर नाही, त्या दाव्यावर आहे.

दानीएलाच्या नवव्या अध्यायातली सत्तर सप्तके घ्या. एकोणसत्तर सप्तके ख्रिस्तापर्यंत सलग मोजायची आणि सत्तरावे मात्र दोन हजार वर्षे पुढे ढकलून शेवटच्या काळात ठेवायचे, अशी ही मांडणी आहे. मजकुरात या खंडाचा उल्लेख कुठेच नाही. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू ‘ही पिढी’ म्हणतो, तेव्हा हेच वाचक सरळ अर्थ सोडून दुसरा शोधतात. उतारा अवघड आहे, म्हणून शोधू द्यावा. पण मग शब्दशः वाचनाची मक्तेदारी सांगू नये. ही मांडणी जॉन नेल्सन डार्बी यांनी एकोणिसाव्या शतकात घडवली आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबलने ती दूरवर नेली. वचन आणि टीप एकाच पानावर छापली गेली, आणि वाचकाच्या मनातली दोहोंमधली रेघ पुसली गेली.

मांडणी नवी म्हणून खोटी, असे मात्र मी म्हणणार नाही. कसोटी एकच: प्रेषितांनी संदेष्टे कसे वाचले?

दाविदाचा पडलेला डेरा देव पुन्हा उभारील, असे आमोस म्हणतो. प्रेषितांची कृत्ये, अध्याय पंधरा. यरुशलेमेत वाद पेटला आहे: परराष्ट्रीयांनी सुंता न करता मंडळीत यावे की नाही? याकोब उठतो आणि आमोसाचे हेच वचन पुढे करतो. कशासाठी? पेत्राच्या डोळ्यांदेखत परराष्ट्रीय विश्वासात आले, त्या घटनेशी संदेष्ट्यांचे बोल जुळतात हे दाखवण्यासाठी. वाद त्या दिवशीचा होता आणि निकालही त्याच दिवशी लागला. स्कोफील्ड इथे टीप देतात की ही पुनर्स्थापना ख्रिस्ताच्या पुनरागमनानंतरची आहे. मग याकोबाच्या युक्तिवादाला आधार काय उरतो? दूरच्या भविष्यातल्या घटनेवरून त्या दिवशीचा सुंतेचा प्रश्न कसा सुटला असता? मला तरी याचे समाधानकारक उत्तर मिळालेले नाही.

पण दुसऱ्या टोकालाही धोका आहे. ऑगस्टीनने ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात हजार वर्षांचा अर्थ मंडळीचा चालू काळ असा लावला. हे वाचन शतकानुशतके टिकले आणि मला ते बरेचसे पटते. तरी याच वळणाच्या वाचनाला एक वाईट खोड लागली: संदेष्ट्यांचे आशीर्वाद तेवढे मंडळीने घ्यायचे आणि शाप यहुद्यांच्या पदरी टाकायचे. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात कलम केलेल्या फांद्यांना तोऱ्याविरुद्ध स्पष्ट बजावले होते. ख्रिस्ती युरोपने ते ऐकले नाही. डार्बीच्या अनुयायांनी इस्राएलला दिलेली वचने विसरू दिली नाहीत, हे त्यांचे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

इतिहासाच्या पानांवर पशू आणि शिंगे शोधणाऱ्यांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. विल्यम मिलर यांच्या गणितावर उभ्या राहिलेल्या चळवळीने २२ ऑक्टोबर १८४४ ही पुनरागमनाची तारीख धरली, आणि ती सरून गेली.

मग वाचायचे कसे? प्रकटीकरण आधी आशियातल्या सात मंडळ्यांना लिहिलेले पत्र आहे. स्मुर्ण्यातल्या छळ सोसणाऱ्या माणसाला जे कळूच शकले नसते, तो त्याचा पहिला अर्थ असू शकत नाही. आणि पेन्टेकॉस्टच्या दिवशी पेत्र म्हणतो की योएलाने सांगितले ते हेच. पण सूर्य काळा पडला नव्हता. म्हणजे पूर्णता ख्रिस्तात सुरू झाली, संपली नाही. पुनरागमनाची आशा त्या उरलेल्या भागात आहे आणि ती मी कोणालाही सोडू देणार नाही.

तक्ता म्हणजेच शास्त्र नव्हे, हे आपल्या मराठी मंडळीला तर वेगळे सांगायला नको. १८१३ मध्ये मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी ज्या न्यू इंग्लंडच्या परंपरेत वाढले, तिथे सुवार्तेने जग पालटेल आणि त्यानंतर प्रभू येईल ही आशा प्रबळ होती. आजचा तक्ता त्यांच्या शिदोरीत नव्हता.

दुसऱ्या शतकातला जस्टिन मार्टर स्वतः यरुशलेमेतल्या हजार वर्षांच्या राज्यावर विश्वास ठेवणारा. तरी त्रुफोनाशी झालेल्या संवादात तो कबूल करतो की शुद्ध श्रद्धेचे अनेक ख्रिस्ती वेगळे मानतात. उपदेशकांना माझी विनंती एवढीच आहे: तक्ता जरूर लावा, पण ही एका परंपरेची मांडणी आहे, हे मंडळीला त्याच सभेत सांगा.