चष्मा, भिंग आणि न वाचलेला कागद

नगर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील ज्या महाविद्यालयात मी मराठी शिकवतो, तेथे दोन वर्षांपूर्वी पदवीच्या दुसऱ्या वर्गात एक मुलगी नेमाने पहिल्या बाकावर बसत असे. (२०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, आमच्या बोलण्यात मात्र अजून ‘नगर’च येते.) जाड भिंगाचा चष्मा, हातात शिसपेन्सिल आणि तासाच्या शेवटी ठरलेला एक अडचणीचा प्रश्न, एवढी तिची ओळख मला पुरेशी वाटत होती. एका संध्याकाळी मैदानावरून जाताना ती मला कबड्डीच्या संघात चढाई करताना दिसली. चष्मा नव्हता. तो रुमालात गुंडाळून दप्तराच्या कप्प्यात ठेवलेला होता. तिचा नंबर उणे पाचच्या आसपास होता. उणे पाच याचा अर्थ असा, की साधारण वीस सेंटिमीटरपलीकडचे सारे जग तिच्यासाठी धूसर. म्हणजे स्वतःच्याच लांबवलेल्या हाताची बोटे तिला नीट दिसत नव्हती, आणि त्या बोटांनी तिला समोरच्या सात जणींपैकी कोणाला तरी स्पर्श करून परत यायचे होते.

“अंदाज येतो, सर,” ती म्हणाली. “पोरगी दिसते, तिचा हात कुठे आहे ते दिसत नाही.”

तिला स्पर्शभिंगे, म्हणजे सर्वांच्या बोलण्यातल्या कॉन्टॅक्ट लेन्स, वापरण्याचा सल्ला मी दिला. पुढे जे घडले त्यात त्या सल्ल्याचा वाटा आहे, म्हणून हा लेख.

सल्ला शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा नव्हता. चष्म्याचे भिंग डोळ्यापासून साधारण बारा मिलिमीटर पुढे असते. त्यामुळे उणे नंबराच्या माणसाला वस्तू असतात त्याहून लहान दिसतात, आणि चौकटीबाहेरचे जे दिसते ते धूसरच राहते. स्पर्शभिंग बुबुळावरच बसते आणि डोळा वळेल तिकडे वळते. चढाई करणाऱ्याला समोरच्या मध्यरक्षकाइतकीच दोन्ही टोकांच्या कोपरारक्षकांची चाहूल लागावी लागते. पकड बहुतेकदा बाजूने येते, आणि बाजूची नजर हीच चष्म्याची उणीव. घाम, वाफ, धक्का यांचा विचार तर वेगळाच. क्रिकेटमध्ये किंवा बॅडमिंटनमध्ये पट्टा लावलेला, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटच्या काचांचा खेळाडूंचा चष्मा चालू शकतो. डच फुटबॉलपटू एडगर डेव्हिड्स काचबिंदूमुळे असाच संरक्षक चष्मा लावून वर्षानुवर्षे खेळला. जेथे सहा जणी अंगावर कोसळतात त्या कबड्डीत मात्र चष्म्याला जागा नाही.

तरीही सल्ला देताना माझ्या मनात केवळ शास्त्र होते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मला त्या दृश्याचाच धक्का बसला होता. पहिल्या बाकावरची मुलगी आणि मैदानावरची मुलगी एकच आहे, हे माझ्या डोक्यात बसत नव्हते. चष्मा हा आपल्याकडे डोळ्यांचा उपाय कमी आणि स्वभावाची खूण अधिक आहे. चित्रपटात, नाटकात, विनोदी कथेत चष्मा लावला की पात्र अभ्यासू, भित्रे किंवा प्राध्यापक होते. काढला की नायक किंवा सुंदरी होते. भाषेनेही ही विभागणी करून ठेवली आहे. चष्मेवाल्याला पोरे ‘ढापण्या’ म्हणून चिडवतात. ढापण म्हणजे मुळात जनावराच्या डोळ्यांवर बांधायचे आवरण. ज्याच्यामुळे दिसते त्या वस्तूला आपण न दिसू देणाऱ्या वस्तूचे नाव दिले. दुसरीकडे ‘चाळिशी’ हा शब्द पाहा: वयाने लागणाऱ्या चष्म्याला सन्मानाचे नाव, कारण तो योग्य वयात आला. म्हणजे डोळ्यावर काच असण्याला आपली हरकत नाही. हरकत आहे ती अवेळी, तरुण अंगावर असण्याला.

क्रिकेटचा इतिहास पाहिला तर हा समज किती पोकळ आहे ते कळते. दिलीप दोशी चष्मा लावून कसोटी खेळले. नरेंद्र हिरवाणीने १९८८ च्या जानेवारीत मद्रासला पदार्पणाच्या कसोटीत वेस्ट इंडीजचे सोळा गडी बाद केले, तेव्हा त्याच्या डोळ्यांवर चष्मा होता. १९९० साली मँचेस्टरला पदार्पण करणारा अनिल कुंबळे चष्मेवाला होता. पुढे त्याने चष्मा सोडून लेन्स वापरल्या. ही सारी नावे फिरकी गोलंदाजांची आहेत, आणि म्हणून ती आपल्या समजाला फारसा धक्का देत नाहीत: फिरकी म्हणजे डोक्याचे काम, तेथे चष्मा शोभतो, असे आपण मनाशी म्हणून मोकळे होतो. पण बडोद्याच्या मराठी घरातले अंशुमन गायकवाड चष्मा लावून सलामीला जात. १९७६ साली किंग्स्टनला, शिरस्त्राण नसण्याच्या त्या काळात, वेस्ट इंडीजच्या वेगवान माऱ्यापुढे उभे राहून त्यांनी ८१ धावा केल्या, आणि कानावर चेंडू बसल्यावरच ते मैदानाबाहेर गेले. भित्रेपणाची खूण म्हणून चष्मा वापरणाऱ्या कथाकाराने हा डाव आठवावा.

स्पर्शभिंगाची क्रिकेटमधली सर्वांत बोलकी हकिगत मात्र मन्सूर अली खान पतौडी यांची आहे. १ जुलै १९६१ रोजी होव्ह येथे मोटारीच्या अपघातात त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. त्याच वर्षी हैदराबादला एमसीसीविरुद्ध ते त्या डोळ्यात स्पर्शभिंग घालून खेळायला उतरले, तेव्हा त्यांना एकाऐवजी दोन चेंडू दिसू लागले. आतल्या बाजूचा चेंडू खरा मानून त्यांनी चहापानापर्यंत ३५ धावा केल्या. नंतर भिंग काढले, अधू डोळा मिटला आणि धावसंख्या ७० वर नेली. डिसेंबरमध्ये दिल्लीला ते पहिली कसोटी खेळले. योगायोग असा, की त्याच डिसेंबरात, नाताळच्या सुटीत, प्रागच्या ओटो विख्टेर्ले या रसायनशास्त्रज्ञाने मुलांच्या खेळण्यातल्या जोडणी-संचापासून घरच्या घरी यंत्र बनवून त्यावर पहिली मऊ भिंगे घडवली. आज आपण ज्यांना लेन्स म्हणतो त्या बहुतेक तिथून आल्या. पतौडींच्या हकिगतीतून मी एवढेच घेतो: भिंग हे साधन आहे, ते कधी घालावे याइतकेच ते कधी काढावे हेही खेळाडूला कळले पाहिजे.

माझ्या विद्यार्थिनीला ते कळण्याची व्यवस्था कोणीच केली नाही.

लेन्स आल्या. पहिले पंधरा दिवस खेळ बिघडला, कारण अंदाजाची सवय झालेल्या डोळ्यांना एकदम सगळेच दिसू लागले. मग तो असा सुधारला, की ती विद्यापीठाच्या निवड चाचणीपर्यंत गेली. घरी आईला वेगळाच आनंद झाला. मुलीला चष्मा आहे हे स्थळ बघायला आलेल्यांना आता सांगायला नको. त्यामुळे मैदानासाठी घेतलेली भिंगे दिवसभर डोळ्यांत राहू लागली. एसटीच्या प्रवासात, लग्नघरी, कधी दुपारच्या झोपेतही. येथे माझी पहिली तक्रार आहे. खेळाच्या गरजेसाठी चष्मा उतरवणे एक, आणि चष्म्याची लाज वाटून तो उतरवणे दुसरे. दुसऱ्याने पहिल्याला गिळले, आणि वर्गात ती लेन्स घालून बसू लागली तेव्हा ‘आता छान दिसतेस’ असे म्हणणाऱ्यांत मीही होतो.

नंतर एका स्पर्धेच्या ठिकाणी, मातीच्या मैदानावर, तिच्या डोळ्यात धूळ गेली. तिने लेन्स काढली, मंडपामागच्या टाकीच्या पाण्याने स्वच्छ धुतली आणि परत घातली. तिच्या दृष्टीने तिने योग्य तेच केले होते. चष्म्याची काच आपण ओढणीने पुसतो, पाण्याने धुतो. काच बाहेर असते, मळ बाहेरच राहतो. भिंगाबरोबर पाणी डोळ्यात जाते, आणि टाकीच्या, विहिरीच्या, नळाच्या पाण्यात असे सूक्ष्म जीव असू शकतात जे भिंगाला चिकटून बुबुळात शिरतात. त्यातला अकँथअमीबा तर क्लोरीनलाही सहज दाद देत नाही. तिसऱ्या दिवशी तिला उजेड सहन होईना. डॉक्टरांनी सांगितले, बुबुळावर जखम झाली आहे. तासातासाला थेंब, रात्रीसुद्धा. मग कित्येक आठवडे औषध. डोळा वाचला, पण त्यात एक बारीक फूल पडले. ते बाहुलीच्या समोर नाही, कडेला आहे, एवढेच समाधान.

मी भेटायला गेलो तेव्हा तिने लेन्सच्या खोक्यातला कागद माझ्या हाती दिला. घडी घालून घालून काडेपेटीएवढा केलेला, मुंगीच्या अक्षरांतला इंग्रजी कागद. पाण्याने धुऊ नये, हे त्यात लिहिलेले होते. “हे वाचलं नाही, सर,” ती म्हणाली. ‘वाचता आलं नाही’ असे ती म्हणाली नाही. तो दोष तिने स्वतःकडे घेतला.

यावर कोणी म्हणेल, की हे विक्रेत्याचे, डॉक्टरांचे, कंपनीचे काम. मराठीच्या प्राध्यापकाचा येथे काय संबंध? त्यांचे काम होतेच, आणि ते झाले नाही हेही खरे. पण ज्याचा व्यवसाय भाषा आहे त्याने एवढ्यावर हात झटकावेत का? आपण चर्चासत्रांतून ‘मार्क्सवादी चष्मा’, ‘स्त्रीवादी चष्मा’, ‘दृष्टिकोन’, ‘दृष्टिपथ’ हे शब्द वर्षानुवर्षे वापरत आलो. डोळ्यांवरून घेतलेल्या रूपकांवर आपला पिंड पोसला आहे. ‘स्पर्शभिंग’ हा देखणा पारिभाषिक शब्दही मराठीत आहे. मात्र ते भिंग डोळ्यात घालणाऱ्या मुलीला चार ओळींची सूचना तिच्या भाषेत मिळत नाही, याची खंत मी तरी कोणत्याही चर्चासत्रात ऐकली नाही. मराठी ज्ञानभाषा व्हावी असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर ग्रंथ असतात. खोक्यातला कागद नसतो.

म्हणून आम्ही तो कागद मराठीत करायला घेतला. ती, मी आणि शारीरिक शिक्षणाचे आमचे सहकारी, तपासायला एक नेत्रतज्ज्ञ. एका पानाच्या त्या मजकुराने मला अनुवादाबद्दल जे शिकवले ते मी वर्गात कधी शिकवू शकलो नव्हतो. ‘सलाईन’ हा शब्द ठेवता येईना, कारण आमच्याकडे सलाईन म्हणजे दवाखान्यात हाताला लावतात ती बाटली. ‘सोल्युशन’ला लोक ‘लेन्सचं औषध’ म्हणतात. पण औषध म्हटले की ते दुखेल तेव्हाच घालायचे असा अर्थ होतो, रोजचे ते वाटत नाही. शेवटी ‘लेन्स धुण्याचं पाणी’ असे लिहिले, तर तज्ज्ञांनी तेही खोडले: ‘पाणी’ हाच शब्द नको, घात त्यानेच केला. ‘केस दर तीन महिन्यांनी बदला’ हे वाक्य मी स्वतः लिहिले आणि संघातल्या मुली हसून लोटपोट झाल्या. ‘केस’च्या जागी ‘डबी’ आली. ‘निर्जंतुक’ कोणी वापरेना. ‘हात साबणाने धुऊन कोरडे करा’ हे सर्वांना कळले.

आता तो कागद असा आहे: लेन्सला कोणतेही पाणी लावू नका. हात साबणाने धुऊन, कोरडे करूनच लेन्स हाताळा. लेन्स बाटलीतल्या द्रवानेच धुवा. डबीतला उरलेला द्रव रोज फेका, डबी तीन महिन्यांनी बदला. लेन्स घालून झोपू नका, आंघोळ करू नका, पोहू नका. डोळा लाल झाला, दुखला किंवा उजेड सहन झाला नाही, तर लेन्स काढा, चष्मा लावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. लेन्स टाकून न देता बरोबर न्या. जादा चष्मा नेहमी जवळ ठेवा.

झहीर खानच्या श्रीरामपूरने आणि अजिंक्य रहाणेच्या संगमनेर तालुक्याने या जिल्ह्यातल्या मुलांना मैदानाची स्वप्ने दिली आहेत. त्यांतली कित्येक मुले फळा दिसत नाही हे घरी सांगत नाहीत, आणि चेंडू दिसत नाही हे प्रशिक्षकाला सांगत नाहीत. त्यांनी चष्मा लावावा, गरज असेल तेथे भिंग घालावे, यात माझे मत बदललेले नाही. बदलले ते एवढेच, की वापरण्याची रीत समजेल अशा भाषेत हाती दिल्याशिवाय तसा सल्ला मी देत नाही, आणि ज्या वर्गात आपण मुलांना वाचायला शिकवतो तेथे चष्म्याची लाज वाटणार नाही याची काळजी घेतो.

सात महिन्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिली. ती आता सामन्यापुरत्याच, एकदा वापरून टाकायच्या लेन्स घालते. वर्गात पुन्हा चष्मा आहे, पुन्हा पहिला बाक आहे. यंदा संघात आलेल्या तीन नव्या मुलींना तो कागद तिनेच वाचून दाखवला. ‘कोणतेही पाणी’ या शब्दांवर एकीने विचारले, “बाटलीचं विकतचं पण नाही का, ताई?” तिने पेन्सिल काढून तिथेच लिहिले: बाटलीचेही नाही.