विजेचा दर : स्थिर की बदलता?

विजेचे युनिट सकाळी वापरले काय किंवा रात्री वापरले काय, घरगुती दर सारखाच, अशी आपल्याकडील बहुतेक ठिकाणची जुनी रीत. केंद्र सरकारच्या २०२३ च्या नियमांनी ती बदलू घातली. स्मार्ट मीटर बसलेल्या घरास उन्हाच्या आठ तासांत वीज निदान २० टक्के स्वस्त, आणि मागणी शिगेस पोचते त्या तासांत निदान १० टक्के महाग, असे त्यांचे स्वरूप आहे.

हेतू स्तुत्यच आहे. दुपारी सौरवीज मुबलक असते. सूर्यास्तानंतर ती मावळते आणि नेमके तेव्हाच घरोघर दिवे लागतात. ज्यांना पाण्याचा पंप, इस्त्री, कपडे धुणे ही कामे दुपारी उरकता येतात, त्यांनी बदलता दर आनंदाने पत्करावा.

परंतु ज्या घरातील सारी माणसे दिवसभर कामावर वा शाळेत असतात, त्यांनी काय करावे? संध्याकाळचा दिवा आणि मुलांचा अभ्यास दुपारवर ढकलता येत नाही. तेथे सवलत नावापुरती आणि भुर्दंड मात्र रोजचा! म्हणून निवडीचा अधिकार त्या घरासच असावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या घरी कोणते काम कोणत्या तासास होते, याची आठवडाभर नोंद करा. दराचा निर्णय त्या नोंदीवरून व्हावा, ऐकीव गोष्टींवरून नव्हे.